कडी टेकते कुठे? जुन्या घराला खोली वाढवताना लाकडी जमिनीचा आधार

लंडनच्या हॅरो, पिनर, वेम्बली या भागांत १९२० आणि १९३०च्या दशकांत जोडघरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. आज त्यांतल्या अनेक घरांत मराठी कुटुंबं आहेत. मुलं मोठी होतात, आई-वडील भारतातून येऊन काही महिने राहू लागतात, आणि मागच्या बाजूला घर वाढवायचा विचार सुरू होतो. घरात चर्चा रंगते ती किचनच्या ओट्याची, बागेकडे उघडणाऱ्या काचेच्या दारांची, वरची नवी खोली कुणाला द्यायची याची. इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर एका कोपऱ्यात ‘४७ × १९५, सी२४, ४०० अंतराने’ अशी बारीक ओळ असते. तिचा अर्थ विचारणारं घर मला क्वचितच भेटतं.

ती ओळ जॉइस्टची, म्हणजे जमीन पेलणाऱ्या लाकडी कड्यांची आहे. पुण्या-साताऱ्याकडच्या वाड्यांतला कडीपाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल: ओळीने टाकलेल्या कड्या आणि त्यांवर फळ्या. ४७ मिमी ही कडीची रुंदी, १९५ मिमी उंची, सी२४ ही लाकडाच्या ताकदीची प्रत (त्याखालची नेहमीची प्रत म्हणजे सी१६), आणि ४०० मिमी हे एका कडीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर. पण कडीची दोन टोकं कशावर टेकणार आहेत, हे या ओळीत लिहिलेलं नसतं. घर वाढवताना सगळ्यात जास्त लक्ष तिथेच द्यायला हवं, म्हणून हा लेख.

वजन किती आणि जातं कुठे

ब्रिटनमध्ये घरगुती खोलीच्या जमिनीवर माणसं, पलंग, कपाटं वगैरे मिळून दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, इतकं वजन धरतात. कड्या, फळ्या आणि खालचं प्लास्टरबोर्डचं छत यांचं स्वतःचं वजन म्हणून आणखी ०.५ किलोन्यूटन धरलं तर एकूण २ झालं. आता ३ मीटर लांबीची एक कडी घ्या. शेजारची कडी ४०० मिमीवर आहे, म्हणजे या कडीच्या वाट्याला ३ × ०.४ = १.२ चौरस मीटर जमीन येते. वजन २.४ किलोन्यूटन. अर्धं या टोकाला, अर्धं त्या टोकाला. म्हणजे प्रत्येक टोकावर १.२ किलोन्यूटन, साधारण १२० किलो.

दोन धडधाकट माणसांहूनही कमी वजन! ४७ मिमी रुंदीची कडी भिंतीवर ९० मिमी टेकली, तर एवढ्या भाराने लाकूड चेपलं जाण्याची शक्यताच नाही. ते याच्या कितीतरी पट भार सोसतं. तरीही भिंतीवर ९० मिमी टेकू द्या असं सांगतात, कारण भिंत शंभर टक्के सरळ नसते, कडी सगळीकडे नेमक्या मापाची नसते, लाकूड सुकून आखडतं, आणि टोकाखालच्या विटेची कड उडू शकते. त्या ९० मिमीमध्ये हे सगळं पोटात घेण्याची जागा असते.

कडीच्या मधल्या भागाचं गणित वेगळं आहे. तिथे प्रश्न तुटण्याचा फारसा नसतो, वाकण्याचा असतो. शाळेतली लाकडी फूटपट्टी आडवी धरली तर सहज वाकते आणि उभी धरली तर हलत नाही, तेच इथे होतं. कडीचा ताठपणा उंचीच्या घनाने वाढतो. १५० मिमी उंचीऐवजी २०० मिमी घेतली, की लाकूड एक तृतीयांशच जास्त लागतं, पण ताठपणा जवळजवळ २.४ पट होतो. उलट लांबी वाढली की वाक तिच्या चौथ्या घाताने वाढतो. ३ मीटरच्या जागी ४.५ मीटर लांबी केली, तर जमिनीचा भार तोच असला तरी वाक ५ पट. म्हणून बिल्डर जेव्हा म्हणतो, ‘अर्धा-पाऊण मीटर जास्त घेऊ, काही फरक पडत नाही,’ तेव्हा इंजिनिअरला फोन करा. परंपरेने वाकाची मर्यादा लांबीच्या हजारात ३ भाग धरतात. ४ मीटरच्या कडीला १२ मिमी. त्याहून जास्त वाकणारी जमीन पडत नाही, पण चालताना झुलते आणि कपाटातली भांडी वाजतात.

बांधून झाल्यावर गोष्टी बिघडतात त्या बहुतेक टोकांपाशी: टोक ओलं राहून कुजतं, हँगरला, म्हणजे कडीचं टोक धरणाऱ्या पत्र्याच्या खोबणीला, अर्धेच खिळे मारलेले असतात, आधाराची भिंत कुणीतरी कापलेली असते, किंवा जुनी आणि नवी भिंत वेगवेगळ्या वेगाने खाली बसते.

कड्या कोणत्या दिशेने टाकायच्या

समजा, तुमचं एक्स्टेंशन दुमजली आहे, जुन्या घरापासून बागेकडे ३ मीटर बाहेर जातं आणि ४.५ मीटर रुंद आहे. पहिल्या मजल्याच्या कड्या दोन प्रकारे टाकता येतील. जुन्या मागच्या भिंतीपासून नव्या मागच्या भिंतीपर्यंत, ३ मीटर लांबीच्या. किंवा बाजूच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, ४.५ मीटर लांबीच्या.

पहिल्या प्रकारात कड्या आखूड, स्वस्त आणि ताठ. पण त्यांचं एक टोक जुन्या भिंतीवर येतं. गणित करून पाहा: जुन्या भिंतीच्या वाट्याला ४.५ मीटर रुंदी आणि १.५ मीटर, म्हणजे लांबीचा अर्धा भाग, असं ६.७५ चौरस मीटर क्षेत्र येतं. भार १३.५ किलोन्यूटन, साधारण १,३५० किलो. जुनी भिंत आधीच छपराचा आणि जुन्या मजल्याचा भार घेत असते, आणि बहुतेक घरांत तिचा खालचा भाग किचन मोठं करण्यासाठी काढलेला असतो. म्हणजे हा नवा भार शेवटी त्या उघड्या भागावर टाकलेल्या पोलादी तुळईवर आणि तिच्या टोकांखालच्या पॅडस्टोनवर, म्हणजे भार पसरवणाऱ्या ठोकळ्यांवर, जाणार. तुळईचं गणित करणाऱ्याला हे आधीच माहीत असायला हवं. कड्यांची दिशा नंतर साइटवर बदलली, तर ते गणितही बदलतं.

दुसऱ्या प्रकारात जुन्या भिंतीला हात लावावा लागत नाही, म्हणून अनेकांना तो सुरक्षित वाटतो. माझं मत उलट आहे. नवा पाया बांधल्यावर थोडा बसतोच. लंडनच्या चिकणमातीत तर तो पावसाळी आणि कोरड्या ऋतूंप्रमाणे वर-खालीही होतो. जुनं घर नव्वद-शंभर वर्षांत बसून स्थिर झालेलं असतं. नवी बाजू ५ मिमी खाली गेली असं धरा. कड्या जुन्या भिंतीपासून नव्या भिंतीकडे जात असतील, तर ३ मीटरमध्ये ५ मिमी उतार पडतो, म्हणजे ६००ला १, जो कुणाच्या पायाला कळणार नाही. कड्या दुसऱ्या दिशेने असतील, तर नवी जमीन सगळीच्या सगळी ५ मिमी खाली जाते आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर तेवढी पायरी तयार होते. नेमकी दाराच्या उंबऱ्यात. तिथल्या टाइल्स फुटतात, लॅमिनेटचा सांधा उघडतो.

म्हणून जुन्या विटा चांगल्या असतील आणि खालच्या तुळईच्या गणितात हा भार धरलेला असेल, तर मी कड्या जुन्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेनेच टाकतो. विटा भुसभुशीत असतील, किंवा भिंत शेजाऱ्याशी सामायिक असेल, तेव्हा दुसरा मार्ग घ्यावा आणि सांध्यावर हलू शकणारी पट्टी ठेवावी. भिंतींच्या बाबतीतही हाच विचार असतो. नवी वीट जुन्या विटेत दात काढून गुंतवण्याऐवजी हल्ली जुन्या भिंतीला स्टेनलेस स्टीलची उभी पट्टी बोल्टने बसवतात आणि तिच्यात अडकवलेल्या धातूच्या टायांनी, म्हणजे बांधून ठेवणाऱ्या तुकड्यांनी, नवी भिंत जोडतात. ही जोडणी नव्या भिंतीला आडवी हलू देत नाही, पण किंचित खाली बसू देते.

जुन्या भिंतीवर टोक टेकवायचं कसं

पूर्वी सरळ भिंतीत खाच पाडून टोक आत घालत. १९३०च्या घरांतल्या पहिल्या मजल्याच्या कड्या तुम्हाला बहुधा तशाच दिसतील. ९ इंची भरीव भिंतीत हे टोक बाहेरच्या पावसापासून जेमतेम अर्ध्या विटेवर असतं, म्हणून तिथे लाकूड कुजलेलं सापडतं. एक्स्टेंशनसाठी भिंत उघडताना जुन्या कड्यांची टोकं स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघायला सांगा. लाकूड चांगलं असेल तर स्क्रू-ड्रायव्हर आत शिरत नाही.

नव्या कडीसाठी जुन्या भिंतीत ओळीने दहा-बारा खाचा पाडणं मला पटत नाही. चुन्यातल्या जुन्या विटा त्या ठोकाठोकीने सैल होतात. त्याऐवजी बहुतेक वेळा लेजर वापरतात. कडीच्याच उंचीचं एक जाड लाकूड भिंतीला आडवं लावून बोल्टने घट्ट करायचं आणि त्याला हँगर मारून कड्या टांगायच्या. इथे तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. बोल्ट रेझिनमध्ये, म्हणजे भोकात भरून घट्ट होणाऱ्या रासायनिक चिकटद्रव्यात, बसवलेले हवेत. फुगून पकडणारे बोल्ट जुन्या मऊ विटेला आतून फोडतात. भोक विटेच्या मधोमध हवं, चुन्याच्या सांध्यात नको. आणि लाकूड व वीट यांच्यामध्ये ओल अडवणारा पट्टा हवा. बोल्टची जाडी आणि अंतर इंजिनिअर ठरवतो. जुन्या भिंतीचा भरवसा वाटत नसेल तर एक-दोन बोल्ट ओढून चाचणी घेण्याचा आग्रह धरा. ही चाचणी महाग नसते.

नव्या भिंतीच्या बाजूला काम सोपं. तिथे भिंत बांधतानाच हँगरची वरची पट्टी विटेच्या थरावर, मसाल्यात सपाट बसवतात आणि वर बांधकाम चढवतात. त्या वरच्या बांधकामाच्या वजनानेच हँगर दाबून धरला जातो. म्हणून भिंत नुकतीच त्या उंचीपर्यंत आली असताना, मसाला ओला असताना, कड्या टाकून त्यांवर विटांचे गठ्ठे रचणं धोक्याचं आहे. पोकळी असलेल्या भिंतीत कडी आत घालायची झाली, तर तिचं टोक पोकळीत डोकावता कामा नये. बाहेरच्या विटेतून आलेलं पाणी त्या टोकावरून आत चालत येतं, आणि थंड वाराही.

हँगर दिसायला क्षुल्लक वस्तू आहे, पत्र्याचा एक खोबणीसारखा तुकडा. पण कडीचा सगळा भार त्यातून जातो. कडीचं टोक हँगरच्या मागच्या पत्र्याला जवळजवळ भिडलेलं हवं. ६ मिमीपेक्षा जास्त फट चालत नाही, कारण फट वाढली की भार हँगरच्या पुढच्या कडेवर येतो आणि पत्रा वळतो. खिळे ३० मिमी लांब, ३.७५ मिमी जाड, पिळाचे आणि गंज न धरणारे. बनवणाऱ्याने सांगितलेल्या प्रत्येक भोकात एक. हातात आलेला प्लास्टरबोर्डचा काळा स्क्रू हँगरला मारणं मी पुन्हा पुन्हा पाहतो. तो स्क्रू कडक आणि ठिसूळ असतो, आडव्या जोराने कट्‌कन तुटतो. असा स्क्रू दिसला तर काम थांबवून बदलायला सांगा, संकोच करू नका.

पोलादी तुळईवर कड्या येत असतील, तर तुळईच्या दोन पट्ट्यांमधल्या पोकळीत लाकूड भरून ते बोल्टने पक्कं करतात आणि त्या लाकडाला हँगर लावतात. यात एक बारकावा आहे. दुकानातून येणाऱ्या लाकडात ओलावा २० टक्क्यांपर्यंत असतो आणि हीटिंग चालू असलेल्या घरात तो हळूहळू १०-१२ टक्क्यांवर येतो. २२० मिमीची कडी त्यात चार-पाच मिलिमीटर आखडते. पोलाद आखडत नाही. कडीचा माथा आणि तुळईचा माथा सुरुवातीला एकाच पातळीत ठेवले, तर पहिल्या हिवाळ्यानंतर तुळईच्या जागी जमिनीला उंचवटा दिसतो आणि तिथून फळ्या कुरकुरायला लागतात. म्हणून कडीचा माथा पोलादापेक्षा सुमारे १२ मिमी वर ठेवायचा. शिवाय दुमजली घरात त्या तुळईला आगीपासून किमान ३० मिनिटं टिकेल असं आवरण लागतं. ते आधीच ठरवावं लागतं.

तळमजल्याखालची हवा

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितो आहे, कारण यातलं नुकसान काही वर्षं दिसतच नाही.

या घरांच्या तळमजल्याची जमीन बहुधा अधांतरी असते. खाली माती किंवा पातळ काँक्रीट, त्यावर साधारण दीड ते दोन मीटरवर बुटक्या भिंती, ज्यांना स्लीपर वॉल म्हणतात, त्यांवर ओल अडवणारा थर, मग आडवी लाकडी पट्टी, आणि तिच्यावर ४ × २ इंचाच्या कड्या. कड्या इतक्या लहान चालतात, कारण आधार जवळजवळ आहेत. स्लीपर वॉलच्या विटांत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात, म्हणजे हवा खेळते. पुढच्या आणि मागच्या बाहेरच्या भिंतीत, जमिनीलगत, जाळीच्या विटा असतात: एअरब्रिक. वारा एका बाजूने शिरतो, दुसऱ्या बाजूने निघतो, आणि मातीतून वर येणारी ओल बरोबर घेऊन जातो.

लाकडातला ओलावा २० टक्क्यांखाली असला की बुरशी धरत नाही. ही जमीन नव्वद वर्षं टिकली, ती त्या वाऱ्यामुळे.

आता मागे एक्स्टेंशन येतं. नव्या खोलीला बहुतेक बिल्डर काँक्रीटची भरीव जमीन करतात, आणि ते वाईट नाही. पण त्या स्लॅबने मागच्या सगळ्या एअरब्रिक बुजतात. पुढच्या तशाच उघड्या राहतात, पण हवेला बाहेर पडायला वाट नसते. जुन्या घराच्या मधोमध, जिन्याखाली, जुन्या मागच्या भिंतीलगत हवा साचते. लाकूड ओलं राहतं. चार-पाच वर्षांनी जमीन मऊ लागते, कुबट वास येतो, फळी उचलली की कडीचं टोक हातात येतं. ओलावा आणि साचलेली हवा दीर्घकाळ राहिली, तर ‘ड्राय रॉट’ नावाने ओळखली जाणारी सेर्पुला लॅक्रिमॅन्स ही बुरशी येऊ शकते. ती विटांच्या सांध्यांतूनही पसरते आणि तिला काढायचा खर्च एक्स्टेंशनच्या खर्चाची आठवण करून देतो.

उपाय स्लॅब ओतायच्या आधी करायचा असतो. जुन्या प्रत्येक एअरब्रिकच्या जागेपासून नव्या बाहेरच्या भिंतीपर्यंत, स्लॅबच्या खालून, किमान १०० मिमी व्यासाचे पाइप टाकायचे आणि बाहेरच्या टोकाला नवी एअरब्रिक बसवायची. पाइपांना बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा. इंग्लंडच्या नियमावलीतला हिशेब असा: बाहेरच्या भिंतीच्या दर मीटरला १,५०० चौरस मिमी, किंवा जमिनीच्या दर चौरस मीटरला ५०० चौरस मिमी, यांपैकी जे जास्त येईल तेवढी मोकळी वाट. तुमची जुनी जमीन ४० चौरस मीटर असेल, तर २०,००० चौरस मिमी. १०० मिमी पाइपाचं तोंड जवळजवळ ७,८५० चौरस मिमीचं असतं, पण त्याच्या टोकाला लावलेल्या जाळीतून हवेला मिळणारी वाट त्याहून कमी असते. मोजायची ती जाळीची वाट. जुन्या मातीच्या एअरब्रिकची भोकं तर इतकी बारीक असतात, की त्याच मापाची प्लास्टिकची जाळी कित्येक पट हवा सोडते. जुन्या बदलून टाकायची संधी याच वेळी असते.

नवी जमीनही लाकडी अधांतरी करणार असाल, तर जुन्या भिंतीत जमिनीखाली भोकं ठेवून दोन्ही पोकळ्या जोडाव्यात. खालच्या मातीवरच्या थरापासून लाकडापर्यंत किमान १५० मिमी मोकळी जागा हवी. कड्यांमध्ये आता इन्सुलेशनही भरावं लागतं, कारण नव्या जमिनीतून उष्णता निसटण्यावर नियमाने मर्यादा आहे. ते भरताना ती १५० मिमी जागा बुजू देऊ नका.

आणखी दोन गोष्टी याच भागातल्या. स्लॅबखालचा प्लास्टिकचा ओलरोधक थर जुन्या भिंतीपाशी वर वळवून जुन्या डीपीसीला, म्हणजे भिंतीत ओल वर चढू न देणाऱ्या थराला, जोडावा लागतो. नाहीतर स्लॅबच्या कडेची ओल जुन्या भिंतीत शिरते आणि तिथून जुन्या कड्यांच्या टोकांत. आणि नवा पॅटिओ करताना त्याची पातळी डीपीसीच्या किमान १५० मिमी खाली ठेवा. ‘पायरी नको, सगळं एका पातळीत हवं’ ही इच्छा मला कळते, विशेषतः घरात वयस्कर माणसं असताना. तसं करता येतं, पण त्यासाठी दाराशी पाण्याची नाली आणि वेगळी रचना लागते. पॅटिओ नुसता वर उचलून एअरब्रिक झाकल्या, तर वर सांगितलेलं सगळं पुन्हा घडतं.

ड्रेनेजचा पाइप न्यायला म्हणून स्लीपर वॉल तोडलेलीही दिसते. तिच्याविना त्या ४ × २च्या कडीची लांबी दुप्पट होते, आणि लांबी दुप्पट म्हणजे वाक १६ पट. पाइप जाऊ द्या, पण वर लहान लिंटेल टाकून आधार सलग ठेवा.

भिंत काढताना मध्ये कोण उभं आहे

मागची भिंत उघडण्याआधी एक प्रश्न विचारायचा: पहिल्या मजल्याच्या जुन्या कड्या या भिंतीवर टेकल्या आहेत का? वरच्या खोलीतला कार्पेट थोडा उचला. फळ्यांवर खिळ्यांच्या रेषा दिसतील. त्या रेषा म्हणजे कड्या. फळ्या त्यांना काटकोनात असतात. रेषा मागच्या भिंतीकडे जात असतील, तर कड्या तिच्यावर टेकल्या आहेत.

तसं असेल तर भिंतीत आरपार घातलेले आडवे आधार, ज्यांना नीडल म्हणतात, फक्त वरच्या विटा पेलतात. कड्यांना वेगळा आधार लागतो: घराच्या आतल्या बाजूला, भिंतीपासून थोडं अंतर सोडून, छताखाली एक आडवं लाकूड आणि त्याखाली ऍक्रो प्रॉपची, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या पोलादी टेकूंची, रांग. आणि हे प्रॉप उभे कशावर आहेत, ते स्वतः वाकून बघा. खालची जमीन अधांतरी लाकडी असेल, तर फळ्यांवर ठेवलेला प्रॉप पहिल्या मजल्याचा भार तळमजल्याच्या चार इंची कड्यांवर टाकतो. फळ्या काढून, खाली घट्ट जमिनीवर जाड लाकूड पसरून त्यावर प्रॉप हवा. हे दोन तासांचं काम आहे आणि ते टाळण्याचं एकही योग्य कारण नाही.

खाचा, भोकं, पट्ट्या

कड्या बसल्या की प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन येतात. पाइप न्यायला कडीत खाच पाडणं चालतं, पण ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या खोलीइतकीच. परंपरेचा नियम असा: खाच वरच्या बाजूलाच, कडीच्या उंचीच्या आठव्या भागाहून खोल नाही, आणि आधारापासून लांबीच्या ०.०७ ते ०.२५ पट अंतरात. भोक कडीच्या उंचीच्या मध्यरेषेवर, उंचीच्या पाव भागाहून मोठं नाही, आणि आधारापासून लांबीच्या ०.२५ ते ०.४ पट अंतरात. ४ मीटर लांब, २०० मिमी उंच कडी असेल, तर खाच २५ मिमी खोल, टोकापासून २८० मिमी ते १ मीटरच्या दरम्यान. भोक ५० मिमीपर्यंत, १ ते १.६ मीटरच्या दरम्यान. कडीची खालची कड कधीही कापायची नाही. ताण तिथेच सगळ्यात जास्त असतो. कारखान्यात बनवलेल्या ‘आय’ आकाराच्या कड्या वापरणार असाल, तर त्यांच्या वरच्या-खालच्या पट्टीला कुठेच करवत लावायची नाही.

कड्या भिंतींनाही धरून ठेवतात, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. उंच भिंत वाऱ्याने बाहेर झुकू शकते. मजल्याची जमीन तिला आत बांधून ठेवते. ज्या बाजूच्या भिंतींना कड्या समांतर जातात, तिथे ३० × ५ मिमीच्या गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या जास्तीत जास्त २ मीटर अंतराने, किमान तीन कड्यांवरून आत नेऊन, मध्ये लाकडी ठोकळे भरून बसवतात. कड्या अडीच मीटरहून लांब असतील तर मध्यावर एक आडवी ओळ, साडेचार मीटरहून लांब असतील तर दोन ओळी ठोकळ्यांच्या किंवा तिरक्या काड्यांच्या, म्हणजे कड्या पिळत नाहीत आणि भार शेजारच्या कडीलाही वाटला जातो. बाथटब येणार असेल किंवा कड्यांना समांतर आतली भिंत येणार असेल, तर तिथे दुहेरी कडी. हे सगळं ड्रॉइंगवर आधी यायला हवं. बाथरूमची जागा शेवटच्या आठवड्यात बदलू नका.

कागदपत्रं आणि झाकण्याआधीची भेट

प्लॅनिंगची परवानगी आणि बिल्डिंग रेग्युलेशन्सची मंजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमचं एक्स्टेंशन प्लॅनिंगविना करता येण्याजोगं असलं, तरी कड्या, पाया, तुळई यांना बिल्डिंग कंट्रोलची तपासणी लागतेच. इंग्लंडमध्ये बांधकामाच्या मजबुतीचा भाग ‘ए’ आणि ओलीचा भाग ‘सी’ या मार्गदर्शिकांत येतो. पूर्वी कड्यांच्या लांबीचे तक्तेही भाग ‘ए’मध्ये असत, आता ते वेगळे मिळतात, म्हणून जुन्या पुस्तकातला तक्ता दाखवणाऱ्याला आजचा विचारावा.

जोडघरात शेजारी येतोच. सामायिक भिंतीत तुळईचं टोक किंवा कडीचा आधार घालणार असाल, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६च्या पार्टी वॉल कायद्याप्रमाणे काम सुरू होण्याच्या २ महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. शेजाऱ्याच्या पायाजवळ खोल खणणार असाल तर १ महिना. शेजाऱ्याने १४ दिवसांत लेखी संमती दिली नाही, तर सर्व्हेअर नेमावे लागतात. नोटीस पोचण्याआधी स्वतः जाऊन बोललात, तर बहुतेक माणसं सहकार्य करतात.

बिल्डिंग कंट्रोलचे इन्स्पेक्टर ठरावीक टप्प्यांवर येतात, रोज येत नाहीत. म्हणून कड्या बसल्यावर आणि प्लास्टरबोर्ड लागण्याआधी एक दिवस मध्ये मोकळा ठेवा, हे बिल्डरशी सुरुवातीलाच ठरवा. त्या दिवशी टॉर्च घेऊन प्रत्येक हँगर बघा: सगळी भोकं भरली आहेत का, टोक मागे भिडलं आहे का. पट्ट्या मोजा. लेजरचे बोल्ट मोजून ड्रॉइंगशी ताडा. प्रत्येक खाचेजवळ टेप लावून फोटो काढा. तळमजल्याचं हेच काम स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी करा. पाइपांची दोन्ही टोकं एकाच फोटोत आली तर उत्तम. हे फोटो तारखेसह एका फोल्डरमध्ये, इंजिनिअरच्या गणिताच्या कागदांबरोबर ठेवा. काम संपल्यावर कम्प्लिशन सर्टिफिकेट मागून घ्या आणि तेही त्यातच ठेवा. उद्या घर विकताना घेणाऱ्याचे सॉलिसिटर ते मागतात, आणि त्याआधी कधी वरच्या खोलीत नवी बाथरूम करायची ठरली, तर छत न फोडता कड्या कुठे आहेत ते प्लंबरला त्या फोटोंवरूनच दाखवता येईल.